तरीचा दाखला

डहाणूला रुजू झाले त्या दिवशी जेटीवर जाळं विणत बसलेल्या माणसाने मला विचारलं, "बंदरासाठी आलात?"

मी हो म्हणाले. आमच्या खात्यात कुठल्याही लहानशा धक्क्याला बंदरच म्हणतात. त्याने मान खाली घातली ती परत वर केली नाही. भाड्याने खोली कुठे मिळेल, असं पुढे तिघा-चौघांना विचारलं. कोणी धड उत्तर दिलं नाही. संध्याकाळी जेटीजवळच्या चहावाल्याने मला खुलासा केला. वाढवणला जे मोठं बंदर होणार म्हणतात, त्याच्या मोजणीची माणसं इथल्या लोकांना नको असतात. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग आणि तोंडात बंदर हा शब्द, मग दुसरं काय समजणार?

"मी त्या बंदराची नाही," मी म्हणाले. "मी तरीची."

"कुठल्या तरीची?"

"या खाडीतल्या. माणसं नेणारी होडी तपासायला."

तो हसला. "एका होडीसाठी अख्खी बाई पाठवली?"

अगदी एका होडीसाठी नव्हतं. आसपासच्या खाड्यांतल्या आणखी दोन-तीन होड्या माझ्याकडे होत्या. पण त्या कधी चालत, कधी नाही. बारा महिन्यांतले नऊ महिने रोज माणसं नेणारी ही एकच. प्रवासी होडीला दरवर्षी दाखला लागतो. लाकूड कसं आहे, इंजिन कसं आहे, अंगात घालायची जॅकेटं माणसांइतकी आहेत का, होडी चालवणाऱ्या तांडेलाचा परवाना चालू आहे का, हे सगळं बघून मी सही करायची. मग किती माणसं बसतील तो आकडा होडीच्या बाजूवर रंगवायचा आणि वर्षभर अधूनमधून अचानक जाऊन डोकी मोजायची. इतकंच माझं काम.

मी मिरजेकडची. डिप्लोमा करून खात्याची परीक्षा दिली आणि तोंडी परीक्षेला मुंबईला आले तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. लग्न केलं नाही. त्याला मोठं काही कारण नव्हतं. आईचं आजारपण लांबलं, नंतर बदल्या होत गेल्या आणि चाळिशी उलटल्यावर लोकांनी विचारायचं सोडलं. डहाणूला शेवटी एका चिकूच्या वाडीत वरच्या मजल्याची खोली मिळाली. खाली मालक-मालकीण, दोघंही वयस्क, घरात गुजराती बोलणारे. सकाळी माझ्या दाराशी पिकलेले चिकू ठेवून जायचे. ऑफिस म्हणजे जेटीच्या टोकाला एक खोली, एक कपाट, एक ओटा. शिपायाची जागा रिकामी होती. तपासणीला गेल्यावर मी यादी मोठ्याने वाचायची, ही माझी सवय. एकदा लक्षात आलं की त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेले शब्द तेवढेच होते.

मावशी भेटली ती त्या ओट्यावर.

ती खाडीपलीकडच्या वस्तीतली, साठीच्या पुढची, सुकी मासळी विकणारी. सकाळच्या पहिल्या तरीने बोंबील आणि जवळ्याची पाटी घेऊन यायची, जीपने तलासरीला जायची, बाजाराच्या दिवशी उधव्याला. दुपारी परत आली की बऱ्याचदा ओहोटी असायची. पूर्ण ओहोटीला होडी या बाजूला लागत नाही, मध्ये चिखल उघडा पडतो. मग पाणी चढेपर्यंत ती माझ्या ओट्यावर सावलीला बसायची, रिकामी पाटी उपडी घालून.

पहिले काही दिवस आम्ही नुसतं एकमेकींकडे पाहायचो. मग एकदा तिने विचारलं, "जेवलीस का?"

"डबा आहे. जेवते आता."

"एकटी?"

"हो."

"मग ये इथे बस. मी पण जेवायची आहे."

तिच्या फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. माझ्या डब्यात मेसची फ्लॉवरची भाजी. तिने ती चाखून बघितली आणि बाजूला ठेवली. "ही काय भाजी आहे?" म्हणाली. पुढे ती माझ्यासाठी चटणी वेगळी बांधून आणायला लागली.

मावशी चार भाषा बोलायची. घरात मांगेली, तलासरीच्या दुकानदारांशी गुजराती, उधव्याच्या बाजारात गिऱ्हाइकांशी वारली. आणि माझ्याशी मराठी. "तुझ्यासाठी ऑफिसातलं मराठी काढते बघ," असं हसून म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दुसऱ्याच्या बोटीवर जायचा, सून घर आणि वलांड्या बघायची. बांबूच्या त्या वलांड्यांवर बोंबील कसे जबड्यात जबडा अडकवून वाळत घालतात, ते तिने मला दोन बोटं दोन बोटांत अडकवून दाखवलं.

एका रजेच्या दिवशी तिने मला उधव्याला नेलं. गर्दीत ती झपझप पुढे, मी मागे. तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी एकीने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मावशीने उत्तर दिलं आणि मग मला सांगितलं, "ही कोण म्हणून विचारते. म्हटलं, ही माझी तरीची बाई." मी त्या दिवशी दुपारभर तिच्या पाटीशेजारी पोत्यावर बसून होते. माझं काहीच काम नव्हतं तिथे. कित्येक महिन्यांत इतका चांगला दिवस गेला नव्हता.

जूनमध्ये नेहमीप्रमाणे खाडीतली तर बंद झाली. पावसाळ्यात खाडीला ओढ असते, होडी वर ओढून ठेवतात. तेवढे महिने पलीकडची माणसं पुलावरून वळसा घालून येतात, तेही अगदी लागेल तेव्हाच. मावशी त्या काळात दोनदा दिसली.

नारळी पौर्णिमेनंतर तर सुरू करायची म्हणून तांडेलाचा निरोप आला, दाखल्यासाठी होडी बघून जा. तांडेल म्हणजे मावशीचा दीर. उंच, कमी बोलणारा माणूस, उभा जन्म त्या खाडीत गेलेला. त्याच्या हातून कधी कुणाच्या पायाला पाणी लागलं नाही, असं लोक सांगायचे आणि ते खरं होतं. मी गेले तेव्हा होडी किनाऱ्यावर ओंडक्यांवर चढवलेली होती. बाहेरून नवा निळा रंग, नावेच्या पुढच्या टोकाला झेंडूचा हार.

मी आत उतरले आणि हातोडीने ठोकत गेले. चांगलं लाकूड टणक वाजतं. मागच्या बाजूला, इंजिनाच्या खाली, आवाज बसका झाला. तिथली फळी उचलायला लावली. होडीला आतून बरगड्यांसारखी जी वाकडी लाकडं असतात, त्यांतल्या तीन लाकडांवर टोच्याचं टोक ठेवलं आणि थोडासा जोर दिला. टोच्या मुठीपर्यंत आत गेला. ओल्या भाकरीत जावा तसा.

तांडेल वरून बघत होता. "तुम्ही टोचलंत म्हणून भोक पडलं," तो म्हणाला.

"तांडेल, लाकूड गेलंय."

"तीन गेली. बाकीची आहेत ना."

"ही तीन इंजिनाखालची आहेत."

तो खाली उतरला. त्याने स्वतः बोट घालून बघितलं, बोटाला लागलेला भुसा चोळला. मग म्हणाला, "एक हंगाम द्या. सुतार मिळत नाही आता. सगळे फायबरच्या कामाला लागलेत. दिवाळीनंतर मी स्वतः बदलतो."

मी उद्या सांगते म्हणाले आणि ऑफिसात येऊन साहेबांना फोन लावला. साहेब जिल्ह्याच्या ठिकाणी बसायचे, माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती माणसांची होडी आहे?"

"वीस."

"दहा लिहून द्या. ओझं कमी होईल, लोकांची सोय राहील. दिवाळीपर्यंतचा तात्पुरता दाखला."

"सर, दहा लिहिलं तरी वीस बसतील. सकाळी दुसरी होडी नाही."

"मग तुम्ही जाऊन मोजा."

"रोज?"

"बघा मग. सही तुमची आहे," ते म्हणाले.

खोलीवर गेले तरी तेच डोक्यात होतं. दहा लिहिलं असतं तर नियमात बसवता आलं असतं. पण कुजलेलं लाकूड काय माणसं मोजून तुटणार आहे? डोळ्यांपुढे सकाळची पहिली तर यायची. पाट्या, बायका, तलासरीच्या शाळेत शिकवायला जाणारे एक गुरुजी, आणि मधोमध मावशी. दुसऱ्या दिवशी मी दाखला नाकारला. कारण लिहिलं, फोटो जोडले आणि तांडेलाच्या हातात कागद दिला. त्याने तो वाचला, घडी केली, खिशात ठेवला. होडीच्या बाजूचा वीसचा आकडा त्याने माझ्यासमोरच रंगाचा एक हात मारून झाकला. रागाने नाही. काम असल्यासारखा.

मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. चहावाला चहा देऊन लगेच आत वळायचा. जाळी विणणारे मी जवळून गेले की थांबायचे आणि पुढे गेले की पुन्हा बोलायला लागायचे. ओटा दुपारी रिकामा असायचा. मावशी रागावली आहे की तिला यायला वाटच नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. मी खात्याला दुसऱ्या होडीसाठी पत्रं लिहायला लागले. एक, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. प्रस्ताव वर पाठवला आहे, असं उत्तर यायचं. मीही आयुष्यभर लोकांना हेच उत्तर देत आले होते, त्यामुळे त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगायला हवी. मी कामानिमित्त वाणगावला गेले होते, परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर उभी होते. रेल्वेचा एक अधिकारी तपासणीला आला होता. पन्नाशीचा माणूस, हातात टेप आणि वही. फलाटाची कड आणि रूळ यांतलं अंतर वाकून वाकून मोजत होता. लोक त्याला वळसा घालून जात होते. कुणाला तो दिसतच नव्हता. मला एकदम त्याच्याशी बोलावंसं वाटलं. मी जवळ जाऊन म्हणाले, "मीही तपासणीचंच काम करते."

त्याने वर बघितलं आणि विचारलं, "तिकीट तपासनीस?"

"नाही. होड्या."

"अच्छा," म्हणाला आणि टेप पुढच्या खुणेवर धरला. त्याची चूक नव्हती. मोजताना मध्ये कोणी बोललं की माझाही आकडा चुकतो. पण गाडीत बसल्यावर मला उगीचच रडू आलं.

पाऊस ओसरल्यावर पलीकडच्या माणसांनी ओहोटीला चिखलातून चालत यायला सुरुवात केली. पाणी अगदी उतरलं की मधला प्रवाह मांडीइतका राहतो, बाकी चिखल. रस्त्याने यायचं तर दीड तास आणि दोन गाड्या, चिखलातून अर्धा तास. बायका साड्या वर खोचून, डोक्यावर पाट्या घेऊन एका ओळीत येताना मला खिडकीतून दिसायच्या. मी धोक्याचा फलक लावला. एक-दोनदा काठावर जाऊन थांबवायचाही प्रयत्न केला. एक बाई थांबून म्हणाली, "मॅडम, तर बंद केलीत ना? मग आता चालणं पण बंद करणार?" मी बाजूला झाले. पाण्यावरच्या प्रवाशाची जबाबदारी माझी होती. चिखलातून चालणाऱ्यांची कुठल्याच कागदावर कोणाची नव्हती. त्या ओळीत मावशी आहे का, हे मी दरवेळी बघायचे. लांबून ओळखू यायचं नाही.

दिवाळीच्या थोडं आधी चहावाल्याने चहा ठेवला आणि आत वळला नाही. "तुमची मावशी पडली," म्हणाला.

"कुठे?"

त्याने खाडीकडे हनुवटी केली. "पाय चिखलात अडकला, अंग वळलं. खुब्याचं हाड मोडलं. वापीला नेलंय."

ती वापीहून घरी आल्याचं कळलं तेव्हा मी गेले. रिक्षा, मग जीप, मग पुढे चालत. दारात तांडेल बसला होता. मला बघून उठला, सुनेला हाक मारली आणि वलांड्यांकडे निघून गेला. सुनेने पाणी आणून दिलं. मावशी खाटेवर होती, पाय उशीवर ठेवलेला. ती बारीक दिसत होती.

"कशी आलीस?" तिने विचारलं.

"रस्त्याने."

"लांब पडतो ना?"

"दीड तास लागला."

"मग," ती म्हणाली. "आम्हाला पण तेवढाच लागतो."

मी खाली मान घालून बसले. मनाशी बरंच काही ठरवून गेले होते, त्यातलं एवढंच तोंडून निघालं. "मावशी, होडी कुजली होती."

"मला माहीत आहे."

मी वर बघितलं.

"मागच्या बाजूला पाणी यायचं. मी मागेच बसते ना. डब्याने उपसायची. दोन वर्षं झाली असतील."

"मग मला सांगितलं का नाहीस? रोज ओट्यावर बसायचीस."

"सांगितलं असतं तर बंद केली असतीस," ती म्हणाली, आणि यात न कळण्यासारखं काय आहे अशा नजरेने माझ्याकडे बघत राहिली.

तिने सुनेला चहा ठेवायला सांगितलं. चहा झाला. मग म्हणाली, "तू सही केली नाहीस ते तुझं काम. मी चिखलातून गेले ते माझं काम. आता उशी जरा वर कर, पाय दुखतो." मी उशी वर केली. तिने मला माफ केलं की नाही, हे मी त्या वेळी ठरवू शकले नाही, आणि नंतर विचारायचं धाडसही झालं नाही.

होडीचं पुढे काय झालं तेही सांगते. तांडेलाला शेवटी चिंचणीकडचा एक म्हातारा सुतार मिळाला. त्याने तिन्हींपैकी एक लाकूड बदललं, उरलेल्या दोन्हींना जोड दिला, वरून पत्रा मारला. प्रवाशांसाठी ते मला चाललं नसतं आणि तांडेलाने विचारलंही नाही. त्याने ती मासेमारीला काढली. दोन हंगाम ती होडी खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन येत होती. तिला काहीही झालं नाही. रोज सकाळी ती माझ्या खिडकीसमोरून जायची आणि संध्याकाळी परत यायची. माझा निर्णय बरोबर होता असं खात्याने लेखी कळवलं होतं. फाइलमध्ये तो कागद आहे. पण वीस माणसं घेऊन ती बुडाली असती की नसती, हे मला कोण सांगणार? मोडलेलं हाड मात्र मी एक्स-रेमध्ये पाहिलं होतं.

नवी होडी आली ती पुढचा पावसाळा उलटल्यावर. फायबरची, पांढरी, वर छप्पर. चालवायला परवाना असलेला माणूस एकच होता, म्हणून तांडेलच बसला. तपासणीला मी आत उतरले तेव्हा तो हाताची घडी घालून उभा होता.

"याला टोचता येत नाही," म्हणाला. "आता काय करणार?"

"बघणार," मी म्हणाले.

तो थोडासा हसला असं मला वाटलं. त्याने जॅकेटांची पेटी स्वतःहून उघडून दिली आणि एकेक जॅकेट मोजून माझ्या हातात ठेवलं.

मावशी परत बाजाराला गेली नाही. चालता यायला लागलं, पण काठी घेऊन, अंगणापुरतं. तिची पाटी सून घेऊन जायला लागली. मी रविवारी तरीने पलीकडे जायचे. मावशी खाटेवरून सांगायची आणि मी जवळा निवडायचे, त्यातले बारीक खेकडे आणि कचरा बाजूला काढायचे. माझा हात फार हळू चालतो म्हणून ती कुरकुरायची. वस्तीतल्या बायका येऊन बसायच्या, माझ्याशी दोन शब्द बोलायच्या, जायच्या. माझ्याबद्दल त्यांना काय वाटत होतं कोण जाणे. मी काही मैत्रीण झाले नव्हते. येणारी-जाणारी झाले होते.

मग बदलीचा कागद आला. शुक्रवारी आला आणि मंगळवारी रत्नागिरीला हजर व्हायचं होतं. शनिवार सामान बांधण्यात गेला. रविवारी दुपारी मी पलीकडे गेले तेव्हा मावशी झोपली होती. दुखण्याची गोळी घेतली की ती तशी झोपायची, तोंड किंचित उघडं, एक हात खाटेबाहेर.

"उठवू का?" सुनेने विचारलं.

"नको. बसते थोडा वेळ."

मी तासभर बसले. सून बाहेर वलांडीवरचे बोंबील काढत होती, त्यांचा कोरडा सळसळ आवाज येत होता. मावशी एकदा कुशीवर वळायला गेली, दुखलं असावं, पुन्हा सरळ झाली. जाग आली नाही. पाणी उतरायला लागलं होतं, शेवटची तर चुकवून चालणार नव्हती. मी तिच्यासाठी आणलेली गरम शाल पायाशी ठेवली आणि सुनेला बदलीचं सांगून निघाले.

तांडेलाने मला काही विचारलं नाही. त्याला बदलीचं माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. अलीकडे उतरल्यावर तो म्हणाला, "पुढच्या रविवारी पाणी सकाळचं आहे, लवकर या." मी बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने डहाणू सोडलं.

दोन दिवसांनी सुनेच्या फोनवरून मावशीचा फोन आला. मी नव्या ऑफिसात, नव्या माणसांमध्ये बसले होते, म्हणून उठून व्हरांड्यात गेले.

"उठवायचं नाही का?" ती म्हणाली. "मी काय, रोजच झोपते."

"गाढ झोपली होतीस."

"म्हणून काय झालं?" तिने विचारलं. तिकडे कोणीतरी अंगण झाडत होतं, ते ऐकू येत होतं. मग सुनेने फोन घेतला आणि शाल आवडली म्हणून सांगितलं.